मावशींचा पगार आणि रविवारचा खर्च

बाळंतपणाची रजा संपत आली की पुण्यातल्या नोकरदार घरात दुसरा विषय नसतो. बाई मिळेल का, आणि किती घेईल? सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर कुणी १२ हजार सांगतं, कुणी ३० हजार, आणि दोघंही खरंच सांगत असतात. कोथरूडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दहा ते सहा येणाऱ्या मावशी आणि खराडीच्या टॉवरमध्ये मुक्कामी राहून रात्री दोनदा उठणाऱ्या मावशी यांचं काम एक नाही. मग पगार एक कसा असेल?

म्हणून आकड्याकडे वळण्याआधी एक कागद घ्या आणि आपल्याला काय हवंय ते लिहून काढा. किती वाजता यायचं, किती वाजता जायचं. बाळाची आंघोळ कोण घालणार, बाळाचे कपडे कोण धुणार. स्वयंपाक फक्त बाळाचा की सगळ्या घराचा. या शेवटच्या ओळीवर बहुतेक घरांचं बिनसतं. मूल सांभाळायला ठेवलेल्या मावशींना आधी ‘जरा कुकर लावता का’, मग ‘तेवढी भांडी विसळून टाका’ असं सुरू होतं आणि दोन-तीन महिन्यांत त्या दुसरं घर बघतात. बाळ झोपलं असताना त्यांनी शेजारी टेकणं, चहा पिणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. सात-आठ महिन्यांच्या रांगत्या बाळामागे दिवसभर धावलेल्या माणसाला तेवढी उसंत लागते. वरकाम हवं असेल तर तसं आधी ठरवा आणि त्याचे पैसे वेगळे धरा.

सध्याचे भाव

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आठ तासांसाठी मूल सांभाळायला येणाऱ्या मावशी साधारण १२ ते १८ हजार घेतात. ऑफिसला जाण्या-येण्याचा वेळ धरला की आठ तास पुरत नाहीत. साडेआठ ते साडेसहा असे दहा तास होतात आणि आकडा १६ ते २२ हजारांवर जातो. बाया पुरवणाऱ्या ब्युरोच्या भाषेत ‘बारा तासांची’ म्हणजे दिवसपाळीची बाई १८ ते २५ हजारांत मिळते. मुक्कामी, म्हणजे ‘चोवीस तासांची’ असेल तर २५ ते ३५ हजार, शिवाय जेवणखाण आणि झोपायला नीट जागा. बाळ-बाळंतिणीच्या मालिश-आंघोळीला येणाऱ्या बाई रोजाने ठरतात; दोघांचे मिळून दिवसाला ४०० ते ७०० रुपये धरा. बाणेर, हिंजवडी, खराडी, विमाननगरकडे हे आकडे वरच्या टोकाला असतात. पेठांत, सिंहगड रस्त्यावर, धनकवडीकडे थोडे खाली. जुळी असतील तर दीडपट मागितलं जातं आणि ते रास्त आहे.

‘चोवीस तासांची’ या शब्दाने फसू नका. चोवीस तास कुणीच जागं राहू शकत नाही. रात्री बाळाला बघण्याचं काम त्यांच्याकडे असेल तर दिवसा सलग झोपेची वेळ ठरवून द्यावीच लागेल. झोप न झालेल्या माणसाच्या हातात तान्हं मूल देणं धोक्याचं आहे, आणि तो धोका पगार वाढवून टळत नाही.

आता खरा हिशेब. समजा तुम्ही दहा तासांसाठी १८ हजारांवर मावशी ठरवल्या. वर्षाचा पगार झाला २,१६,०००. दिवाळीला एका पगाराएवढा बोनस द्यायची पुण्यात रीत आहे, ते १८,०००. ब्युरोमार्फत ठेवल्या असतील तर ब्युरोची फी साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी, आणखी १८,०००. दोन वेळचा चहा, नाश्ता, दुपारचं जेवण यांचे महिन्याला दीड हजार धरले तर वर्षाचे १८,०००. साप्ताहिक सुट्टीखेरीज वर्षाला बारा पगारी रजा द्यायच्या, तर त्या बारा दिवसांसाठी बदली बाई लागेल. दिवसाला ९०० प्रमाणे १०,८००. एकूण २,८०,८००. म्हणजे महिन्याला २३,४००. ‘मावशींना १८ देतो’ म्हणणाऱ्या घराने अंदाजपत्रकात साडेतेवीस हजार मांडले पाहिजेत, नाहीतर दिवाळीच्या महिन्यात तारांबळ उडते आणि मग बोनसमध्येच काटछाट होते.

याच आकड्याची दुसरी बाजूही पाहा. महिन्याचे २६ दिवस, रोज दहा तास, म्हणजे २६० तास. १८ हजारांना २६० ने भागलं की तासाला सत्तर रुपयेसुद्धा पडत नाहीत. आपल्या घरातला सगळ्यात मौल्यवान जीव आपण तासाला सत्तर रुपयांत सोपवून जातो. हा आकडा मी पुढे पुन्हा वापरणार आहे, लक्षात ठेवा.

ब्युरो की ओळखीतून?

ओळखीतून मिळालेल्या मावशी सगळ्यात चांगल्या, यात वाद नाही. इमारतीतल्या पोळ्यावाल्या काकू, शेजारच्या घरी चार वर्षं मूल सांभाळून आता मोकळ्या झालेल्या ताई, बालवाडीच्या सेविका. आधी यांना विचारा. ज्या घरातलं मूल आता शाळेत जायला लागलं असेल त्या घराला तर आवर्जून विचारा. तिथल्या मावशींना पुढच्या कामाची गरज असते, आणि चार वर्षं एका घरात टिकलेलं माणूस ही सगळ्यात मोठी शिफारस आहे.

ब्युरोकडे जावंच लागलं तर दोन पद्धती असतात. एकीत तुम्ही ब्युरोला एकरकमी फी देता, अकरा महिन्यांचा करार होतो आणि पगार थेट मावशींना मिळतो. दुसरीत तुम्ही रोजाचे पैसे ब्युरोला देता आणि ब्युरो आपला हिस्सा कापून उरलेले मावशींना देतो. मला पहिली पद्धत बरी वाटते. दुसरीत तुमच्या खिशातून २४ हजार जातात आणि मावशींच्या हातात किती पडतात याचा पत्ता लागत नाही. त्या मात्र ‘एवढे पैसे घेऊनही’ असं तुमचं बोलणं ऐकून घेतात. करारावर सही करण्याआधी एवढं विचारा : मावशी सोडून गेल्या तर बदली किती दिवसांत देणार, अकरा महिन्यांत किती वेळा देणार, पहिल्या पंधरा दिवसांत जमलं नाही तर फी परत किती, आणि पैशांची पावती मिळणार का. पावती द्यायला काचकूच करणारा ब्युरो सोडून द्या. मावशींचं मूळ आधार कार्ड ब्युरोने किंवा तुम्ही ठेवून घ्यायचं नाही. झेरॉक्स पुरते.

अठरा वर्षांखालच्या मुलीला या कामाला ठेवू नका. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. पण सोळा-सतरा वर्षांची ‘गावाकडची हुशार मुलगी’ सुचवली गेली तरी नकोच म्हणा. ती शाळा-कॉलेजात असायला हवी.

पहिला आठवडा

मुलाखतीत फार काही कळत नाही. बाई घाबरलेली असते, आपणही घाबरलेले असतो. खरी पारख पहिल्या आठवड्यात होते, म्हणून तुम्ही कामावर रुजू व्हायच्या किमान दोन आठवडे आधी मावशी यायला लागल्या पाहिजेत. या दिवसांचा पूर्ण पगार द्यायचा. ‘ट्रायल’ फुकट नसते.

तुम्ही घरात असा, पण समोर उभ्या राहू नका. बाहेरून आल्यावर मावशी हातपाय धुतात का, ते बघा. भरवायला बसल्या की ताटलीतला वरण-भात बोटांनी किती बारीक करतात, घास तोंडाजवळ नेऊन बाळ तोंड उघडेपर्यंत थांबतात की गाल दाबून भरवतात, ते बघा. बाळाने मान फिरवली की दोन मिनिटं थांबून, चिमणी दाखवून पुन्हा घास पुढे करणाऱ्या मावशी मिळाल्या तर पाचशे रुपये जास्त देऊन ठेवून घ्या. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय मूल जेवतच नाही अशी सवय दोघांनाही लावायची नसेल, तर तेही पहिल्या दिवशीच सांगा. आणि तो नियम घरातल्या आजी-आजोबांनाही लागू करा, एकट्या मावशींना नव्हे.

काही गोष्टी मात्र तोंडी सांगून भागत नाहीत. करून दाखवा आणि त्यांच्याकडून करवून घ्या. काढून ठेवलेलं आईचं दूध खोलीच्या तापमानाला चार तासांपलीकडे ठेवायचं नाही, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तर लगेच फ्रीजमध्ये. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहान मुलाच्या हातात द्यायची नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं तर त्याला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, पाठीवर खांद्यांच्या मधोमध पाच थापट्या; नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, आणि पुन्हा थापट्या. पाय धरून उलटं टांगायचं नाही, घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. हे बाळाच्या डॉक्टरांकडून मावशींनाही समक्ष शिकवून घ्या. लसीकरणाच्या एखाद्या खेपेला त्यांना बरोबर नेलं की हे काम होतं. रडणं थांबावं म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध, गुटी, घरातलं कुठलंही चाटण डॉक्टरांना आणि आईला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, हेही शांतपणे एकदा सांगून ठेवा. फ्रीजच्या दारावर तीन नंबर मोठ्या अक्षरांत लावा : आईचा, शेजाऱ्यांचा आणि ११२.

घरात कॅमेरा असेल तर मावशींना तो दाखवा. लपवलेल्या कॅमेऱ्याने विश्वास तयार होत नाही, आणि उद्या त्यांना कळलं की त्या जातात. त्या झोपतात किंवा कपडे बदलतात तिथे कॅमेरा असता कामा नये, हे सांगायची गरजही पडू नये.

पोलीस पडताळणी करून घ्या. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर घरकाम करणाऱ्यांची माहिती देण्याची सोय असते. आधारची प्रत, फोटो, गावचा पत्ता आणि ओळख देणाऱ्या दोन माणसांची नावं लागतात. ‘तुमच्यावर संशय आहे’ असा सूर लागू न देता, भाडेकरूंची होते तशीच ही नोंद आहे असं सांगितलं की बहुतेक जणी सहज तयार होतात. आधीच्या दोन घरांना फोन मात्र स्वतः करा. ‘कशा होत्या?’ असं विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘महिन्याला खाडे किती व्हायचे?’ आणि ‘तुमच्या मुलाला आजही त्यांची आठवण येते का?’ असं विचारा.

त्यांचं देणं

पुण्याला हा विषय नवा नाही. १९८० साली इथल्या मोलकरणींनी काम बंद ठेवलं होतं आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस आज आपण रीत म्हणून देतो, त्यामागे या बायकांचा लढा आहे. २००८ साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला; १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते. केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवरची नोंदणी फुकट आहे आणि आधारला जोडलेला मोबाईल असला की घरबसल्या होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगारांनाही लागू आहे; तुमचं घर ही त्यांची कामाची जागा आहे.

पगाराव्यतिरिक्त एक काम प्रत्येक घराने करावं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि त्यात दोन लाखांचं अपघात संरक्षण मिळतं. जीवनज्योती विम्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये, त्यात दोन लाखांचा आयुर्विमा. तो ५० वयापर्यंत घेता येतो. दोन्ही त्यांच्या बँक खात्यातूनच होतात. ४५६ रुपये तुम्ही भरा आणि बँकेत एकदा बरोबर जाऊन या.

पगार पाच तारखेच्या आत आणि शक्यतो खात्यात. उचल मागितली तर कारण खोदून विचारू नका. रक्कम, तारीख आणि महिन्याला किती वळती करायची हे दोघांनी वहीत लिहा. मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेल्या कित्येक जणी चैत्रात गावच्या जत्रेला आणि मे महिन्यात लग्नसराईला जातातच. ते ‘अचानक’ नसतं. जानेवारीतच तारखा विचारून घ्या आणि तुमच्या रजा त्याप्रमाणे लावा.

आणि एक प्रश्न जरूर विचारा, जो फारच कमी घरं विचारतात : तुम्ही इथे असताना तुमचं मूल कोणाकडे असतं? दहा वर्षांच्या थोरलीवर दोन वर्षांचा धाकटा सोपवून त्या तुमच्याकडे येत असतील, तर त्यांचा जीव थाऱ्यावर नसणार आणि थोरलीची शाळा बुडत असणार. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे. काही अंगणवाड्यांना जोडून केंद्र सरकारच्या ‘पालना’ योजनेतलं पाळणाघर असतं आणि तिथे सहा महिन्यांपासूनची मुलं घेतात. तुमच्या भागात तशी सोय आहे का, हे शोधून देणं तुमच्यासाठी दोन फोनचं काम आहे.

पाळणाघराचा पर्याय

घरगुती पाळणाघर, म्हणजे सोसायटीतल्या काकू पाच-सहा मुलं सांभाळतात ते, महिन्याला साधारण पाच ते आठ हजारांत. साखळी पाळणाघरं दिवसभराचे १० ते १८ हजार घेतात, वर प्रवेश फी, आणि संध्याकाळी उशीर झाला तर तासाचा आकार वेगळा. दीड वर्षापुढच्या मुलाला चार मुलांत राहणं मानवतं. त्याआधी मात्र वारंवार सर्दी-तापाची तयारी ठेवा, कारण तापलेलं मूल पाळणाघर घेत नाही आणि तुमची रजा जाते. अचानक दुपारी तीन वाजता जाऊन पाहा. दार उघडायला आढेवेढे घेणारं पाळणाघर नको. मुलांना एका खोलीत टीव्हीसमोर ओळीने बसवलेलं दिसलं तर तेही नको.

नोकरी करणाऱ्या आईने एक गोष्ट ऑफिसला लेखी विचारावी. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, तसंच ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन घातलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. अनेक कंपन्या जवळच्या पाळणाघराशी करार करतात किंवा त्याचा खर्च उचलतात, पण न विचारणाऱ्यांना कुणी आपणहून सांगत नाही.

रविवार आपला

साप्ताहिक सुट्टी मावशींची. ती पूर्ण द्यायची. ‘सकाळी दोनच तास या’ नाही. मग रविवारी मूल आणि आपण. इथे पुण्यातल्या घरांचा खर्च वाढतो. मॉलमधल्या प्ले झोनला तासाला ५०० ते ९०० रुपये लागतात. दोन तास तिथे, मग फूड कोर्ट, पार्किंग, निघताना एखादं खेळणं, असा अडीच-तीन हजारांचा रविवार होतो. महिन्याचे चार असे झाले तर दहा हजारांच्या वर. तासाला सत्तर रुपयांचा हिशेब इथे आठवा. मावशींशी पगाराच्या दीड-दोन हजारांवरून घासाघीस करणारी घरं तेवढे पैसे एका दुपारी प्लॅस्टिकच्या चेंडूंच्या हौदात घालून येतात. माझं मत स्पष्ट आहे : रविवार स्वस्त करा आणि मावशींचा पगार वाढवा. पुण्यात रविवार स्वस्त करणं अवघडही नाही.

सगळ्यात आधी टेकडी. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती. तिकीट नाही, वेळ सकाळी सातच्या आत. दोन वर्षांच्या मुलाला माथ्यापर्यंत न्यायचा हट्ट नको. पायथ्याशी मुंग्यांचं वारूळ मिळालं तरी त्याची सकाळ भरते.

कात्रजचं राजीव गांधी प्राणी संग्रहालय चौघांच्या घराला दोनशे रुपयांच्या आसपास पडतं. ते बुधवारी बंद असतं. रविवारी अकरानंतर तोबा गर्दी होते, तेव्हा उघडतानाच पोहोचा. चालणं खूप आहे; लहान मूल बरोबर असेल तर आत फिरवणारी बॅटरीची गाडी घ्या आणि आधी सर्पोद्यान पाहून घ्या. सारसबागेच्या शेजारच्या पेशवे उद्यानात १९५६ पासूनची फुलराणी ही छोटी आगगाडी आहे. ती मधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असते, म्हणून मुलाला कबूल करण्याआधी चौकशी करा.

आगगाडीचं वेड असलेलं मूल घरात असेल तर कर्वे रस्त्यावरचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम चुकवू नका. १९९८ पासून सुरू असलेल्या या खोलीत अख्खं एक शहर मांडलेलं आहे. सिग्नल पडतात, फाटक लागतं, सर्कशीचा तंबू आहे, उघड्यावरचं सिनेमाघर आहे. खेळ अर्ध्या तासाच्या आतबाहेर चालतो, आणि मध्येच दिवे मालवून तिथे रात्र केली जाते, घराघरांच्या खिडक्या उजळतात. तीन वर्षांची मुलं या क्षणी आईचा हात सोडून कठड्याला चिकटतात. वर्षातून दोनदा गेलात तरी पैसे वसूल.

खऱ्या गाडीची हौस मेट्रोत भागते. तिकीट १० ते ३५ रुपये, शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत. वनाजहून बसा, जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून सरकत्या जिन्यांनी खाली जमिनीखालच्या मार्गावर जा आणि स्वारगेट गाठा. तिथून सारसबाग जवळ आहे. चौघांचा जाण्या-येण्याचा खर्च एका प्ले झोनच्या तासाहून कमी.

सहा-सात वर्षांपुढच्या मुलांसाठी पुण्याइतकं चांगलं शहर सापडणं कठीण. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सगळं एका दिवसात दाखवायचा प्रयत्न करू नका; एका खेपेला फक्त दिवे, दुसऱ्या खेपेला फक्त अडकित्ते आणि दरवाजे. शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेसला पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी विज्ञानाची प्रात्यक्षिक व्याख्यानं होतात, आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, संस्था सर्वांसाठी खुली असते. फी नाही, रांग मोठी. सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात माती, वाळू, रंग, खेळ यांना वाव आहे. फी खासगी हॉबी क्लासपेक्षा पुष्कळ कमी आणि वर्षभराचं नियमित जाणं, म्हणून मुलं तिथे रुळतात. सुट्टीतल्या पंधरा दिवसांच्या महागड्या शिबिरापेक्षा मी हेच सुचवीन.

नाटक दाखवा. डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये जर्मनीतल्या ग्रिप्स या नाट्यसंस्थेची बालनाट्यं मराठीत रुजवायला सुरुवात केली, ती पुण्यातच. राक्षस-परीऐवजी मुलांचे खरे प्रश्न मांडणारे हे प्रयोग लागले की तारीख धरा. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत शहरातल्या नाट्यगृहांत बालनाट्यं लागतात. तिकीट सिनेमाच्या आसपास, आणि मध्यंतरातला बटाटेवडा सिनेमाच्या पॉपकॉर्नच्या निम्म्याहून कमी. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो. प्रवेश मोफत. मुलाच्या हातात दोनशे रुपये द्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या.

दिवाळीचा किल्ला तर अख्ख्या आठवड्याचा उद्योग. माती, विटा, जुनं पोतं, वर पेरलेले अळीव किंवा मोहरी, आणि कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे. हजार रुपयांत सोसायटीतली दहा मुलं आठ दिवस रमतात. मावशींच्या मुलांनाही त्यात बोलवा.

हुरडा पार्टीचा खर्च मोठा असतो. माणशी ८०० ते १२०० रुपये, डिसेंबर-जानेवारीत. वर्षातून एकदा जरूर जा, पण जाण्याआधी फोनवर शेकोटीची जागा आणि विहिरीचा कठडा मुलांपासून किती सुरक्षित आहे ते विचारा.

टेकडी, एक संग्रहालय किंवा प्राणी संग्रहालय, एक नाटक आणि एक रविवार आजोळी, असा महिना लावला तर पेट्रोल धरून अडीच हजारांत भागतं. वाचलेल्या पैशांतून मावशींना १८ ऐवजी २० हजार देता येतात, आणि तरीही घरात पैसे उरतात.

ज्यांची रजा संपत आली आहे त्यांनी रुजू व्हायच्या सहा आठवडे आधी शोध सुरू करावा. मे आणि दिवाळीच्या महिन्यात बाई मिळणं सगळ्यात कठीण, कारण निम्म्या जणी गावी असतात. जून उजाडला की शाळा सुरू होतात, त्या परत येतात आणि नवी कामं शोधतात. तुमची तारीख मागेपुढे करता येत असेल तर जूनचा दुसरा आठवडा धरा.